लाज काढणं

रती पहिल्यांदा मिठाच्या रणात फोन घेऊन आला, तेव्हा घरातल्यांना त्यानं एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली. फोन काही विचारायला लागला, तर डावीकडं बोट लावायचं.

"डावीकडं 'पछी' लिहिलंय. पछी म्हणजे नंतर बघू. उजवीकडं चुकूनही नाही. उजवीकडं लावलंत की तो कात टाकतो."

कात टाकतो हा शब्द रतीचाच. साप जसा रातोरात अंगावरची कातडी सोडून नवा होतो, तसा फोन आपला आपण नवा होतो आणि सकाळी ओळख देत नाही. नथुभाईच्या फोननं मागच्या साली कात टाकली तेव्हा त्यातली टॉर्च कुठं गेली ते शोधायला नथुभाईला दुसरी टॉर्च लागली होती. तेव्हापासून आमच्या रणात सगळे पछी, पछी करतच फोन वापरत. फोन रोज विचारी, आम्ही रोज टाळत असू. उधारी मागायला आलेल्या पाहुण्याशी वागावं तसं.

मिठाचे पाटे, म्हणजे मीठ पिकवायचे वाफे, एकमेकांपासून लांब. हाक पोचत नाही. पूर्वी आरसा उन्हात धरून शेजारच्या पाट्याला चमकवायचे, दोनदा चमकला की चहाला या, हलत राहिला की धावत या. आता आरशाच्या जागी ग्रुप होता. ग्रुपवर सगळ्या पाट्यांची माणसं, आणि त्या फाल्गुनात ग्रुपवर एकच विषय, टँकर. होळी होऊन गेली तरी पाण्याच्या टँकरचा पत्ता नव्हता. टाकीच्या तळाशी उरलेल्या पाण्याला प्लास्टिकचा वास येत होता, आणि मोंघीबेन, म्हणजे रतीची आई, ते पाणी पेल्यानं नाही, वाटीनं देत होती.

रतीचे वडील जादवजी हे आमच्यातलं मोठं नाव. जादाकाकांनी पाट्यात बोट बुडवून जिभेला लावलं की खारं पाणी किती पिकलंय ते सांगणार, आणि ते खरंच असायचं. त्यांच्या पाट्याचं मीठ बोराएवढ्या खड्याचं. व्यापारी आला की दोन खडे हातावर घेऊन ते म्हणत, "ह्या हाताचं आहे, ह्या." अभिमान होता, आणि तो त्यांना शोभतही होता.

रतीची बायको कंकू त्यांची सून, आमच्या बोलीत वहू. लग्नाला दहा-अकरा वर्षं झाली असतील, पण सासऱ्यानं तिचा आवाज ऐकला नव्हता. तोंडही पाहिलं नव्हतं. मराठीत लाज काढणं म्हणजे चारचौघांत कुणाची अब्रू घालवणं. आमच्याकडं लाज काढणं म्हणजे सुनेनं सासऱ्यासमोर ओढणी हनुवटीपर्यंत खाली ओढणं. शब्द एकच, पण कंकू हा शब्द जन्मभर आमच्या अर्थानं पाळत आली होती. सासऱ्याला काही विचारायचं असलं तर ते मोंघीबेनला विचारत, आणि कंकू ओढणीआडून उत्तर देई. बांगड्या वाजवल्या तर हो, जिभेचा एक टक् केला तर नाही. एवढ्या दोन आवाजांवर ते घर नीट चाललं होतं.

पहाटे गारवा असतो तोवर पाटा ओढायचा. लाकडी दंताळं घेऊन पोटरीएवढ्या खाऱ्या पाण्यात उभं राहायचं आणि तळाचं मीठ या कडेपासून त्या कडेपर्यंत विंचरायचं, रोज. नाही विंचरलं तर मीठ एकमेकाला धरून दगड होतं. टाचांच्या भेगांत खार शिरतो, बोटांच्या बेचक्यांत जखमा होतात आणि त्या भरत नाहीत. वर उजाडलं की पांढऱ्यावर ऊन पडतं. त्या उजेडानं आमच्याकडं डोळे लवकर जातात. पण कुणी बोलून दाखवत नाही. पाट्यावरच्या माणसानं मला दिसत नाही म्हणणं म्हणजे मी संपलो म्हणणं.

पाट्याच्या बांधावर कंकूनं ठिकठिकाणी काठ्या रोवून त्यांना लाल ओढणीच्या चिंध्या बांधल्या होत्या. मेलडीमाचा नवस आहे, असं तिनं सासूला सांगितलं होतं.

"तुझ्या सुनेला सांग," जादाकाका बायकोला म्हणत, "मिठाला ओढण्या नेसवू नको म्हणावं. लग्न लावायचंय का त्याचं?"

"देवीचं आहे. राहू दे," मोंघीबेन म्हणे. ओढणीआडून कंकूच्या बांगड्या वाजत. आणि जादाकाका कुरकुरत त्याच चिंध्यांच्या कडेकडेनं चालत पाट्यावर जात.

*

त्या दिवशी दुपारी पाट्यापाट्यांवर माणसं तागाच्या झोपड्यांत सावलीला पडली होती. रती आणि जादाकाका टँकरची खबर काढायला मोटरसायकलवरून नथुभाईच्या पाट्यावर गेले होते. फोन नेहमीसारखा सोलरच्या पत्र्याखाली चार्जिंगला लावलेला. कंकू तो घेऊन झोपडीमागं गेली. ही तिची हक्काची वेळ. आईला आवाज टाकायचा, आईचा आलेला आवाज कानाला लावून ऐकायचा.

तिला वाचता येत नव्हतं. रतीनं तिची आई सगळ्यात वर अडकवून ठेवली होती, वरचा गोल म्हणजे आई. गोलात खोडियारमा देवीचा फोटो. ग्रुपच्या गोलात निळा टँकर. पण त्या दिवशी फोटो कुठंच नव्हते, सगळे गोल राखाडी. असं कधी कधी होई, रणात रेंज पातळ झाली की. कंकूनं फार विचार केला नाही. वरचा गोल दाबला, खालचं माइकचं चित्र दाबून धरलं, आणि बोलायला लागली.

*

नथुभाईच्या झोपडीपुढं चारपाच जण बसले होते. चहा होता, पण काळा, आणि प्रत्येकाला दोन घोट. एवढ्यात नथुभाईचा फोन वाजला.

"टँकर!" नथुभाई म्हणाला. "ग्रुपवर कुणाचा तरी आवाज आलाय. पलीकडं कुठं तरी आला वाटतं."

त्यानं फोन मधे ठेवून आवाज मोठा केला.

"मा, ऐकतेस ना?" बाईचा आवाज, तरणा आणि खळखळता. "टँकर अजून नाही आला. सासू वाटीनं पाणी देते, मांजराला दूध घालावं तसं. पण आज काय झालं सांगू? हसशील. म्हातारा पहाटे पाट्यावर गेला, आणि रोवलेल्या खांबालाच दंताळं समजून ओढायला लागला. ओढतोय, ओढतोय. खांब कसला येतोय! मग त्यालाच शिव्या..." आणि तिनं आवाज घोगरा केला, "'अल्या, कुणाच्या बापानं पुरलाय हा!'"

सगळे हसले. जादाकाका सगळ्यात मोठ्यानं हसले. मांडीवर थाप मारून म्हणाले, "तोंडाळ आहे रे पोरगी! कुणाची वहू?" रणात असा म्हातारा आपण एकटेच नाही, असं त्यांना वाटलं असावं.

रती मात्र पहिल्या शब्दालाच उठला होता. त्यानं फोनकडं झेप घेतली, तर नथुभाईनं फोन उचलून उंच धरला. "थांब की. ऐकू दे."

"त्याला दिसत नाही गं मा," फोन बोलत होता. "मीठ बघून बघून डोळे पांढरे पडलेत. पण तोंडातून काढेल तर शप्पथ. मीच बांधावर लाल चिंध्या बांधल्यात, तेवढं लाल त्याला कळतं. नवस म्हणून सांगितलंय घरात. आणि तो मलाच बोलतो, मिठाला ओढण्या नेसवते म्हणून! पहाटे मी त्याच्या आधी उठून अर्धा पाटा ओढून ठेवते. तो खडा पुढं सोडून मागं ओढतो गं, काय करू? मग व्यापारी आला की म्हणतो, ह्या हाताचं आहे, ह्या." पुन्हा ते हसू. मग आवाज खाली आला. "पण तू कुणाला बोलू नकोस हं. म्हाताऱ्याची इज्जत आहे रणात."

जादाकाकांचा हात मांडीवर होता तिथंच राहिला. हसताना उघडलेलं तोंड मिटायचं त्यांना सुचलं नाही.

कुणीच कुणाकडं बघेना. जो तो जमिनीवर काड्यांनी रेघा ओढायला लागला. आम्हाला तेव्हा लाज वाटली ती त्यांची की आपण हसलो त्याची, ते अजून सांगता यायचं नाही.

"जादाकाका, चहा गार होतोय," नथुभाई म्हणाला.

*

रतीनं मोटरसायकल थेट झोपडीशी आणली. उतरल्यावर जादाकाका बाहेरच खाटेवर पाठ करून बसले. रती आत गेला, आणि त्याचा आवाज फुटला.

"काय केलंस तू? अख्ख्या रणानं ऐकलं!"

"काय ऐकलं?" कंकू रोटला थापत होती.

"तुझ्या आईला सांगितलेलं! ग्रुपवर गेलं ते!"

"असं कसं? वरचा गोल दाबला मी. वरचा गोल मा आहे."

"आता वर कोण आहे ते बघ!" त्यानं फोन तिच्या तोंडापुढं धरला, मग स्वतःच बघितलं. बटणांचे रंग बदलले होते. जे खाली होतं ते वर होतं. अडकवून ठेवलेली आई सुटून कुठं तरी खाली गेली होती. "कात टाकलीय ह्यानं," तो म्हणाला. "उजवीकडं कुणी दाबलं?"

कंकूनं जिभेचा टक् केला. नाही.

"काल संध्याकाळी त्यानं विचारलं होतं," मोंघीबेन कोपऱ्यातून म्हणाली. "पण डावं-उजवं काही नव्हतं रे. मधोमध एकच बटण. मला वाटलं तेच पछी. मी दाबलं."

"एकच बटण? मग विचारलं कशाला त्यानं?"

"आम्हाला लग्नाचं विचारलं होतं तसंच," मोंघीबेन म्हणाली.

एरवी ह्या बोलण्यावर घर हसलं असतं. तव्यावरचा रोटला जळत होता. रतीनं ग्रुपवरचा तो आवाज पुसला, पण तोवर तो ह्या पाट्यावरून त्या पाट्यावर आणि तिथून रणाच्या काठावरच्या गावात पोचला होता. कंकूनं ओढणी होती त्याच्याहून खाली ओढली आणि चुलीपुढं तशीच बसून राहिली. सासऱ्यानं आवाज ऐकला, आणि ऐकला तो असा. जमिनीनं पोटात घ्यावं म्हणतात, पण रणाची जमीन मिठाची, ती काही पोटात घेत नाही.

*

सकाळी जादाकाका एकटेच पाट्यावर गेले. बांधावरून हातानं चाचपत त्यांनी एकेक काठी शोधली, तिच्यावरची चिंधी सोडली आणि खिशात कोंबली. गाठ सुटली नाही तिथं दातानं तोडली. शेवटची चिंधी तोडून झाली आणि ते उभे राहिले.

आता सगळीकडं पांढरंच होतं. वर पांढरं, खाली पांढरं. त्यांनी एक पाऊल टाकलं ते बांधाबाहेर पडलं, आणि म्हातारा गुडघ्यांवर खाऱ्या पाण्यात आला. उठले. पुन्हा चालले ते पाट्याच्या मध्यालाच. पायांखाली तयार खडे करकर मोडत होते. शेजारच्या पाट्यावरची माणसं काम थांबवून बघत होती. कालपर्यंत जादाकाका असे थांबले तर आम्ही म्हटलं असतं, पाणी पारखतायत. आज सगळ्यांना कळत होतं की ते हरवलेत.

कंकू बांधावर आली. तिला हाक मारता येत नव्हती. हात धरता येत नव्हता. मोंघीबेन लांब झोपडीशी, रती फोन घेऊन काठाच्या गावात दुकानदाराकडं गेलेला. तिनं ओढणीचं टोक दातात धरलं. मग तिनं दंताळं उचललं, त्याचे दात बांधाच्या टणक मिठावर टेकवले आणि खर्र करून ओढलं. थांबली. पुन्हा ओढलं.

म्हाताऱ्यानं मान वळवली. पन्नास हिवाळे हा आवाज त्यांच्या कानात होता. ते आवाजाच्या दिशेनं आले, बांधाला पाय लागला, चढले. ती दंताळं खरखरवत पुढं चालली आणि ते मागोमाग, भिजलेल्या धोतरानं, झोपडीपर्यंत. मधे दोघांत पुरतं दहा पावलांचं अंतर तिनं राखलं होतं.

ते खाटेवर बसले. मोंघीबेन वाटीभर पाणी घेऊन आली, तर त्यांनी वाटी तोंडाला न लावता विचारलं, "किती दिवस माहीत होतं तुला?"

"मला कशाला विचारता? मला तर चिंध्या नवसाच्या वाटत होत्या," मोंघीबेन म्हणाली, पण तिनं ते इतक्या चटकन म्हटलं की म्हाताऱ्याला कळायचं ते कळलं.

*

दुपार कलल्यावर टँकर आला. रतीच त्याला वाट दाखवत पुढं मोटरसायकलवर होता. टँकर जादाकाकांच्या पाट्यावर थांबला, आणि सगळ्या पाट्यांवरून माणसं ड्रम आणि हंडे घेऊन आली. बायका लाज काढून रांगेत. एरवी टँकरशी नुसता गोंगाट असतो. त्या दिवशी नळीचं पाणी पडल्याचाच आवाज होता.

कंकू झोपडीच्या दाराशी गाठोडं घेऊन बसली होती. टँकर परत काठाला जाताना तिच्या माहेरच्या गावावरून जातो. जा असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. थांब असंही म्हटलं नव्हतं.

नथुभाई आपला ड्रम भरायला लावून जादाकाकांपाशी येऊन बसला. "काका, मी लहान आहे. पण चार माणसं बोलतायत. सासऱ्याची नक्कल करते, ती अख्ख्या समाजानं ऐकली. आज तुम्ही गप्प राहिलात तर उद्या आमच्या वहूही तोंड सोडतील. चार महिने माहेरी धाडा. टँकर आहेच."

"फोनची चूक आहे ती," रती म्हणाला. "ती आईशी बोलत होती. दुकानदारानं आता बंद करून दिलंय, यापुढं विचारल्याशिवाय कात टाकणार नाही. मधोमध एक बटण दाखवून फसवणार नाही, हो आणि नाही दोन्ही दाखवील."

"फोनची चूक असेल. बोलणं फोनचं होतं का?"

 रतीनं मान खाली घातली. त्याला बायकोचीही लाज वाटत होती आणि बायकोची बाजू अर्धीच घेतली ह्याचीही.

जादाकाका पाण्याचा आवाज ऐकत बसले होते. मग म्हणाले, "रती, यापुढं तो विचारील म्हणतोस. कुणाला विचारील?"

"म्हणजे? ज्याच्या हातात फोन असेल त्याला."

"जास्त कुणाच्या हातात असतो?"

रतीनं दाराकडं बघितलं. "तिच्याच. पण तिला वाचता येत नाही, बापा."

"मग वाचून दाखव. वाचून दाखव आणि ती हो म्हणेल तेव्हाच त्याला कात टाकू दे. वापरायचं तिनं आणि हो म्हणायचं दुसऱ्या कुणी, हे काही बरं नाही."   मग त्यांनी हात पुढं केला. "आण तो इकडं."

फोन हातात घेऊन त्यांनी डोळ्यांशी नेला, लांब धरला, तिरपा केला. सगळी माणसं बघत होती. काचेवर त्यांचा अंगठा इकडंतिकडं फिरला.

"कंकू," ते म्हणाले.

रांगेतल्या बायकांचे हंडे थांबले. सासऱ्यानं सुनेचं नाव घेतलं होतं, मोंघीबेनला मधे न घालता.

"कंकू, कुठं दाबायचं असतं गं?"

गाठोडं ठेवून ती उठली. ओढणी हनुवटीखाली ओढलेली, तशीच आली आणि खाटेशी वाकली. तिनं सगळ्यात वरचा गोल दाबला. आता तो ग्रुपचा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग माइकच्या चित्रावर बोट ठेवून दाबून धरलं, आणि फोन त्यांच्या तोंडापुढं केला.

जादाकाकांनी घसा खाकरला.

"मी जादवजी बोलतोय. वहू काल जे बोलली ते खरं आहे. मला दिसत नाही. दोन वर्षं होत आली." ते फोनकडं आणखी झुकले. "मीठ तिच्या हातचं आहे. मी व्यापाऱ्याला खोटं सांगितलं. तुम्हालाही. खांबाचंही खरं आहे. वहू कुठं जायची नाही, माझ्याच्यानं पाटा व्हायचा नाही तिच्याशिवाय. टँकर आलाय, लांबच्यांनी या." मग फोनकडं नाही, तिच्याकडं तोंड करून त्यांनी विचारलं, "गेलं का गं?"

तिचा एक हात फोनला आणि दुसऱ्याचं बोट काचेवर. बांगड्या वाजवायला हात मोकळा नव्हता. नुसता टक् करून भागणार नव्हतं, म्हातारा काय समजला असता?

"अजून नाही, बापा," कंकू म्हणाली. "बोट उचललं की जाईल."

आणि तिनं बोट उचललं.

क्षणात रांगेतल्या, ड्रमांशी उभ्या असलेल्या, खिशांतल्या, ओढण्यांच्या गाठींतल्या सगळ्या फोनांनी टुंग केलं. कुणी तरी सवयीनं दाबलं, आणि जादाकाकांचं बोलणं सगळ्यांदेखत पुन्हा एकदा झालं. मला दिसत नाही. मीठ तिच्या हातचं आहे. आणि शेवटी तिचा आवाज, अजून नाही, बापा. ह्या वेळी कुणी हसलं नाही. नथुभाई उठून आपल्या ड्रमाचं झाकण बसवायला गेला, ते आधीच बसलेलं होतं.

टँकर गेला. गाठोडं दाराशीच पडून राहिलं.

ऊन उतरलं तेव्हा सकाळचा राहिलेला अर्धा पाटा ओढायचा होता. कंकूनं दंताळं घेतलं आणि बांधावर टेकवून खर्र केलं. जादाकाका उठले. लोक अजून पांगले नव्हते. त्यांनी खांद्यावरचा पंचा डोक्यावर घेतला, तो कपाळावरून, डोळ्यांवरून ओढत हनुवटीपर्यंत आणला, जशी आमच्याकडं बायकांनी काढायची असते तशी लाज काढली, आणि सुनेच्या मागोमाग पाट्याकडं चालायला लागले.